लवू आग्रेची खोली आणि ऋषीची भाजी

चांदेरवाडीत लवू आग्रे नावाचा माणूस राहतो, हे पाहुण्याला कळायला दोन दिवस लागत. तो बोलायचा कमी, आणि बोललाच तर वाक्याचं शेपूट तोंडातच ठेवायचा. गावकीच्या बैठकीत दाराजवळच्या खांबाला टेकून बसायचा, आणि पानाचं तबक त्याच्यापर्यंत पोचायचं तेव्हा त्यात नुसते देठ उरलेले असायचे. त्याची त्याने कधी तक्रार केली नाही. देठही चांगले लागतात, असं म्हणायचा.

अशा माणसाने सबंध वाडीला चार वर्षं बोलायला विषय पुरवला, हे आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही. पण ते झालं, आणि झालं ते एका संडासावरून.

त्याचं मूळ मुंबईत होतं. लवू बावीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात बांधणीखात्यात होता. पुस्तक छापताना मोठा कागद दुमडून सोळा पानांचा जुडगा होतो. त्याला फर्मा म्हणतात. असे दहा-बारा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. लवूच्या वाट्याला एका पुस्तकाचा एकच फर्मा यायचा, पण हजार वेळा. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की समोर असेल तो फर्मा तो वाचून काढी. त्यामुळे त्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या, पण सगळ्या मधल्याच. एका कादंबरीतली बाई विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली होती. तिने उडी टाकली की ती घरी परत गेली, हे लवूला कधीच कळलं नाही. शेजारच्या टेबलावर पुढचा फर्मा होता, पण मागायचा कसा, याच विचारात ते पुस्तक बांधून निघून गेलं.

तसाच एकदा सोनखताच्या एका पुस्तिकेचा दुसरा फर्मा त्याच्यापुढे आला. पान सतरा ते बत्तीस. संडासाला एकाऐवजी दोन खड्डे कसे घ्यावेत, त्यांच्या भिंतीत फटी कशा ठेवाव्यात, एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा कसा चालू करावा, आणि दीड वर्षाने पहिला उघडला की आत वास नसलेलं, काळं, भुसभुशीत खत कसं मिळतं, हे सगळं आकृत्यांसकट होतं. बत्तिसाव्या पानाची शेवटची ओळ होती : ‘शेजाऱ्यांच्या मनातील किळस घालविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे’. तिथे फर्मा संपला.

वडील गेले, शेतीला माणूस उरला नाही, म्हणून ऐंशी साली लवू गावी परतला. मुलगी लग्न होऊन केळशीला गेलेली. घरात तो आणि बायको काशी, गोठ्यात दोन बैल. सोनखताचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. पण ब्याऐंशीच्या श्रावणात काशी सड्यावर घसरली.

वाडीच्या डोक्यावर काळ्या कातळाचा सडा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. वाडीतल्या बायका उजाडायच्या आधी आणि दिवेलागणीला टमरेलं घेऊन तिथल्या करवंदीच्या जाळ्यांकडे जात. त्या दिवशी उतरताना काशीचा पाय गेला आणि घोटा मोडला. हाडवैद्याने बांधला. हाड जुळलं, पण जरा तिरकं. दोन महिन्यांनी काशी काठी टेकत पुन्हा सडा चढू लागली. लवू ओटीवर बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघे, आणि ती परत दिसेपर्यंत त्याच्या विडीला चव लागत नसे.

मग एक दिवस त्याने गवंडी बोलावला. घरामागच्या परड्याच्या कोपऱ्यात, घरापासून तीसेक पावलांवर, दोन लहान खड्डे खणले, आतून जांभ्याचे चिरे फटी ठेवून रचले, वर चार भिंती, एक झरोका आणि पत्र्याचं दार. लवूला ‘संडास’ म्हणायची लाज वाटे, म्हणून तो तिला ‘खोली’ म्हणायचा. वाडीनेही तेच नाव उचललं, पण ते म्हणताना वाडी हसायची.

खोली तयार झाली त्या संध्याकाळी त्याने काशीला दाखवायला नेलं.

“बघ गो. कडी आतनं पण हाय. आता तुला सडा चढायला नको.”

काशीने काठीनेच दार ढकललं. आत बघितलं. परत लोटलं.

“मी नाय जायची.”

“का?”

“तुळस कुठं, ही कुठं? तीस पावलं नायत मधी.”

“तुळशीचं तोंड तिकडं हाय.”

“तुळशीला तोंड असतं काय वो?”

लवूने दार पुन्हा उघडून आतली कडी हलवून दाखवली. मग काशीच हळू आवाजात म्हणाली, “आनी आत एकटीनं बसून करू काय? भित्तीशी बोलू?”

खरी गोम ही होती. सडा ही बायकांची गावकी होती. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरून परत यायला तयार नाही, कुणाच्या मुलाने मुंबईत परस्पर लग्न केलं, हे सगळं करवंदीच्या जाळ्यांआडून एकमेकींना सांगितलं जाई. पुरुषांच्या गावकीत जे चार बैठकांत ठरत नसे, ते तिथे एका टमरेलात ठरे. आणि त्या गावकीची मुख्य होती गोदूकाकी.

गोदूकाकी म्हणजे लवूची चुलत चुलती. सत्तरीची, किडकिडीत, आवाज मात्र शंखासारखा. कोणत्या दिवशी काय खावं, कुणी शिवावं, कुणी शिवू नये, याचं सगळं शास्त्र तिला तोंडपाठ. तिने खोली बघितली, खड्ड्यात पुढे खत होतं हे गवंड्याकडून ऐकलं, आणि सड्यावर जाहीर केलं, “माणसाच्या घाणीवर भाजी करणार म्हंतो! त्या परड्यातली काकडी मी मेल्यावर माझ्या पिंडाला पन ठेवू नका.”

काशीने हे घरी येऊन सांगितलं. लवूने विचारलं, “पन तू? तू जाशील का नाय कधी?”

काशीने चुलीत लाकूड सारलं. “ज्या दिवशी गोदूकाकी तुमच्या परड्यातलं खाईल ना, त्या दिवशी मी तुमच्या खोलीत जाईन.”

तिच्या दृष्टीने ते ‘कधीच नाही’ होतं. लवूने मात्र तो करार समजून मनात जपून ठेवला. त्याला सोनखताशी काही देणंघेणं नव्हतं, काकडीशी तर नव्हतंच. त्याला फक्त काशीची काठी सड्याच्या वाटेला लागायला नको होती.

पण गोदूकाकीला परड्यातलं खायला घालायचं म्हणजे आधी परड्यात काही पिकवायचं. त्याला खत पाहिजे. खताला खड्डा भरायला पाहिजे. आणि खोलीत जाणारा माणूस एकटा लवू. गवंड्याने हिशेब करून सांगितलं, “लवूदादा, एकट्याच्या जिवावर बारा वर्सं लागतील.”

लवूने आयुष्यात कुणाला घरी जेवायलासुद्धा नीट बोलावलं नव्हतं. कुणाला बोलवायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा. आता त्याला लोकांना याहून अवघड गोष्टीचं आमंत्रण द्यायचं होतं. पहिले दोन आठवडे तो वाडीच्या तिठ्यावर उभा राहायचा, कुणी आलं की “बरं हाय ना?” विचारायचा आणि परत घरी यायचा.

वाडीत रोज संध्याकाळी वस्तीची एसटी यायची, सकाळी सुटायची. ड्रायव्हर रघू आणि त्याचा कंडक्टर देवळात झोपत. एका सकाळी रघू टमरेल हातात धरून सड्याची वाट शोधत होता, तेव्हा लवूने सगळं धैर्य गोळा केलं.

“ड्रायव्हरसाहेब, आमच्याकडं... म्हंजे तुमची गैरसोय होत असंल तर... आमच्याकडं सोय...”

“काय सोय? चहा?”

“चहा पन,” लवू म्हणाला. पुढचं त्याला बोटानेच दाखवावं लागलं.

रघूने खोली बघितली आणि त्याला भरूनच आलं. अकरा वर्षं वस्तीच्या गाड्या केल्या, पण कुठल्या गावाने ड्रायव्हरच्या पोटाचा एवढा विचार केला नाही, असं तो म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी तो आणि कंडक्टर हजर. बाहेर पडताना रघू सांगे, “आग्रेभाऊ, घातली भर!” लवू मान खाली घालून “आभारी हाय,” म्हणे. कधी काही कारणाने गाडी आली नाही, तर लवू बेचैन होई.

दुसरी भर चाकरमान्यांची. गणपतीला मुंबईची माणसं आली की घराघरात दहा-बारा डोकी. ते मुंबईच्या सवयीचे. सडा त्यांना जमायचा नाही. ते लवूच्या परड्यात रांग लावत. वाडीतल्या म्हाताऱ्यांना ते बघून लाज वाटे, आणि लवूला मनातल्या मनात उत्सव झाल्यासारखं वाटे. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत पहिला खड्डा भरला. लवूने दोन खड्ड्यांना वाटा फुटतात त्या मधल्या कुंडीतला चिरा सरकवून त्याचं तोंड बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं, आणि बंद खड्ड्यावर तारखेची पाटी लावली. गावकीचा मुख्य, गावकर आत्माराम, ती वाचून म्हणाला, “लवू, लोक लोणच्याच्या बरणीला तारीख लावतात रे!”

“तसंच हाय,” लवू म्हणाला, “मुरायचंच हाय.” चार वर्षांतलं त्याचं हे सर्वात सडेतोड उत्तर. तेही आत्माराम वळणावरून दिसेनासा झाल्यावर दिलेलं.

शहाऐंशीच्या मे महिन्यात त्याने खड्डा उघडला. ते बघायला वाडी लांब उभी राहिली. नाकाला पदर, नाकाला रुमाल. रघू ड्रायव्हर मुद्दाम गाडी दहा मिनिटं थांबवून आला, कारण त्यात त्याचा वाटा होता. लवूने वरची माती काढली, फावडं घातलं, आणि वर आलं ते चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखं काळं, मोकळं. वास म्हणाल तर पाऊस पडून गेल्यावर रानात येतो तसा. लवूने ओंजळीत घेऊन लोकांपुढे धरलं. लोक आणखी चार पावलं मागे सरकले. एकटा रघू पुढे झाला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, “च्यायला! हे आपलं?”

जूनमध्ये लवूने परड्यात वाफे केले. कुदळीने खणले, हाताने माती फोडली, शेणाची पाटीसुद्धा टाकली नाही. फक्त खोलीचं खत. लाल माठ, भेंडी, शिराळी, पडवळ, अळू, एका कडेला मका, मांडवावर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या. ऑगस्टपर्यंत परडं असं उसळलं की घरातून खोली दिसेना. पडवळं खाली लोंबून जमिनीला टेकली. लवूने वाडीत वाटायला टोपली भरली. टोपली वाडीभर फिरून भरलेलीच परत आली. कुणी उपास सांगितला, कुणी पथ्य. एका बाईने, आमच्याकडे भाजी खातच नाहीत, असं सांगितलं, आणि सांगताना ती भाजी निवडत होती.

काशीही खात नव्हती. “आधी गोदूकाकी खाऊ दे,” म्हणायची. लवू स्वतःपुरतं शिजवून घ्यायचा. रात्रंदिवस बत्तिसाव्या पानाची शेवटची ओळ त्याच्या डोक्यात फिरायची. सर्वांत सोपा उपाय म्हणजे. म्हणजे काय?

त्याच महिन्यात वानर उतरले. सड्यापलीकडच्या रानातून तीस-चाळीसांचा कळप आला आणि आठवडाभरात वाडीतली सगळी परडी साफ केली. काकड्या खाल्ल्या, भेंड्या मोडल्या, भोपळ्यांना एकेक चावा घेऊन टाकून दिले. लवूच्या परड्यातलं मात्र एक पानसुद्धा हललं नाही. वाडीला खात्रीच झाली. आत्माराम म्हणाला, “वानराला कळतं, माणसाला कळत नाय.”

लवूला ते लागलं. पण त्याने त्यावर विचार केला नाही, कारण त्याच दिवसांत त्याला दुसरंच कोडं पडलं होतं. खोलीच्या झरोक्यात कुणीतरी दगडाच्या गोल गोट्यांची रास करून ठेवली होती, आणि खिळ्याला सुंभाची एक दोरी अडकवलेली होती. त्याला वाटलं, रघू ड्रायव्हरच्या लेंग्याची नाडी असेल, आणि गोट्या ही त्याची काही खाजगी सवय. विचारायचं कसं? त्याने दोरी तशीच राहू दिली.

आणि हरतालिकेचा दिवस उजाडला.

परवा ऋषिपंचमी. त्या दिवशी वाडीतल्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातला भात नाही, डाळ नाही. हाताने लावलेली, परसात उगवलेली पाच-सात भाज्यांची ऋषीची भाजी तेवढी चालते. गोदूकाकीने हे व्रत बावन्न वर्षं एकदाही मोडलं नव्हतं. आणि या वर्षी वाडीत ऋषीच्या नावाने एक भेंडीही उरली नव्हती.

लवू कोयती परत द्यायला गोदूकाकीच्या अंगणात गेला, तेव्हा तिथे आठ-दहा बायका बसल्या होत्या. काशीही होती. तो कडेला तुळशीमागे उभा राहिला.

आत्मारामाची सून विमला म्हणत होती, “जयगडच्या बाजारातनं आनू या की. घाटावरनं ट्रक येतो.”

“घाटावर बैल नसतात काय?” गोदूकाकीने विचारलं.

“आता ट्रॅक्टर असतात, काकी. ट्रॅक्टरचे कष्ट चालतील ना?”

गोदूकाकीने यावर खरंच विचार केला. शास्त्रात ट्रॅक्टर नव्हता. “आदल्या वर्षी त्या रानात बैल गेला नाय, ह्ये कोण सांगणार? मातीला कष्ट चिकटून ऱ्हातात. नाय चालत.”

 तेवढ्यात तुळशीमागून लवूचा आवाज आला. आपण बोलतोय हे लवूलाही उशिरा कळलं.

“माझ्या परड्यात बैल नाय गेला, काकी.”

दहा मुंडकी वळली. लवूने कोयती छातीशी धरली.

“ठावं हाय,” गोदूकाकी म्हणाली. “पन काय गेलंय त्ये पन ठावं हाय.”

“व्हय. म्हंजे... शेण पन नाय घातलं, एवढंच.”

तो एवढं बोलून निघालाच होता. पण विमला ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि तिला गप्प बसण्याची सवय नव्हती. “शेणाचा काय संबंध, काकी? आमी सगळ्या परड्यात शेण घालतो. बैलाचंच.”

गोदूकाकीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. सगळ्या बघत होत्या.

“बैल राबतो,” ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. “राबतो म्हनून खातो. खातो म्हनून शेण घालतो.” ती थांबली. “त्ये कष्टाचंच झालं की गो.”

“म्हंजे बावन्न वर्सं तुमी—”

“गप ऱ्हा, विमले!”

“गायीचं शेण धरा की,” एकजण घाईने म्हणाली.

“तुझ्या गोठ्यात गाय कुठं हाय? दोन बैल नि एक रेडा. अख्ख्या वाडीत गाय नाय,” गोदूकाकीच म्हणाली.

 बावन्न वर्षांचं व्रत अंगणात उताणं पडलं होतं. लवूला इतकं वाईट वाटलं, की आपण तोंड उघडलंच का, असं त्याला झालं. “काकी, तसं नसंल,” तो म्हणाला. “पूर्वीचं पूर्वी...”

“तू थांब,” गोदूकाकी उठली. “तुझ्या परड्यात कष्ट कुनाचे?”

“माणसाचे.”

“कुठल्या माणसाचे?”

लवूला खोटं बोलता येत नसे. “माझे. चाकरमान्यांचे. आनी... एष्टीचे.”

विमलाने तोंडात पदर कोंबला. गोदूकाकी मात्र चालायला लागली होती, आणि तिच्यामागे सगळ्या.

परड्यात ती सरळ मांडवाखाली गेली. पडवळ हाताने तोललं. अळूचं पान उलटं करून बघितलं. मग म्हणाली, “त्ये दाखव.” लवूने गोणीत उरलेलं खत आणलं. तिने डोळे मिटून चिमूटभर उचललं, नाकाशी नेलं. मग डोळे उघडून पुन्हा हुंगलं.

“जांभळीखालची माती असती तशी हाय,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा फसवल्या गेल्यासारखी निराशा होती.

“मंग वानर का नाय आले हितं?” विमलाने विचारलं. “त्यांना किळस वाटली म्हनत व्हते आमचे मामंजी.”

लवूने नकळत खोलीच्या झरोक्याकडे बघितलं. गोट्या. सुंभाची दोरी. नीट बघितलं तर दोरीच्या मधोमध हातभर रुंद विणकाम होतं. लेंग्याच्या नाडीला विणकाम नसतं. आणि काशीच्या माहेरी तिच्या गोफणीने लांबच्या लांब नारळाच्या झाडावरचा कावळा उठत असे, हे त्याने लग्नात ऐकलं होतं. तो शेतावर तण बेणायला जात होता तेव्हा दुपारभर तिरक्या पायाने, कुणी बघणार नाही अशा जागी, दार किलकिलं करून कोण बसत होतं, ते त्याला आता कळलं. त्याने काशीकडे बघितलं. काशी पडवळाकडे बघत होती.

“वानरांचं काय सांगावं,” ती म्हणाली.

गोदूकाकीने निकाल दिला. भाजी चालेल. सात पाण्यांनी धुवायची, आठवं पाणी गोमूत्राचं. “गोमूत्र कुनाचं? गाय नाय ना!” असं विमला म्हणाली, तेव्हा आठवं पाणी रद्द झालं.

ऋषिपंचमीला सगळ्या बायका गोदूकाकीच्या पडवीत जेवायला बसल्या. लवूला तिथे काही काम नव्हतं. तो मागच्या बाजूला लाकडं रचत बसला. एकच मोळी त्याने चार वेळा रचली, कारण तिथून खिडकीतून गोदूकाकीचं पान दिसत होतं. तिने देवाचं नाव घेतलं. घास उचलला. घास तोंडापाशी थांबला. लवूच्या हातातलं लाकूड थांबलं. सगळ्या बायका आपापले घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

गोदूकाकीने घास खाल्ला. चावला. बराच वेळ चावला. मग म्हणाली, “शिराळं गोड हाय गो. मीठ कमी हाय, त्ये रांधणारीचं चुकलं. वाढ आनखी.”

मग सगळ्या जेवल्या. काशीनेही खाल्लं. लवूने मोळी सोडून दिली आणि घरी जाऊन, काही कारण नसताना, एक तास झोपला.

करार पुरा झाला होता. पण काशी त्या संध्याकाळी काही बोलली नाही, आणि आठवण करून देणं लवूच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जाग आली ती काठीच्या आवाजाने. टक्, टक्, टक्. तो अंथरुणातच कान देऊन पडला. आवाज अंगणात आला. डावीकडे वळला तर सडा. उजवीकडे वळला तर परडं. आवाज मध्येच थांबला. आणि मग उजवीकडे गेला. पत्र्याचं दार करकरलं. आतली कडी लागली.

लवू बराच वेळ तसाच पडून राहिला. कुणाला बरं नाही म्हणून बघायला जावं, आणि तो माणूस बरा होऊन बसलेला असावा, तसं त्याला वाटत होतं.

जरा उजाडल्यावर तो टमरेल घेऊन परड्यात गेला, आणि मांडवापाशीच थबकला. खोलीसमोरच्या चिऱ्यांवर गोदूकाकी, विमला आणि आणखी चारजणी ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या शेजारी टमरेल. गप्पा रंगल्या होत्या. झरोक्यातून आतून काशीचा आवाज येत होता.

“...आनी सून म्हनाली, मी काय जानार नाय!”

“मंग सासू काय म्हनाली?” बाहेरून विमला.

“थांब, सांगते.”

लवू मागे फिरणार तोच गोदूकाकीने त्याला बघितलं.

“लवू, हिकडं ये. तुला सांगायचंच व्हतं. पुढच्या सालापास्नं ऋषीची भाजी ह्याच खतावर. बैलाचं शेण बंद. पन ह्या खड्ड्यात त्या ड्रायव्हरचं नको. तो कुठं कुठं काय काय खातो, कुनाला ठावं. आनी मुंबईवाल्यांचं पन नको, ते हाटेलात जेवतात. ऋषीच्या भाजीला आमचेच कष्ट पायजेत.”

“बरं, काकी,” लवू म्हणाला. “आनी मी?”

गोदूकाकीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू म्हावरं खातोस.”

म्हावरं त्या सगळ्याच खात होत्या, आणि गोदूकाकीला बांगडा सगळ्यात जास्त आवडायचा. पण ते बोलून दाखवण्याची हिंमत लवूला नव्हती, आणि त्या सकाळी तर इच्छाही नव्हती. तो टमरेल घेऊन सड्याच्या वाटेला लागला.

वर रघू ड्रायव्हर, त्याचा कंडक्टर आणि गणपतीला आलेले पाच-सहा मुंबईकर कातळावर टमरेलं घेऊन हवालदिल उभे होते. लवूला बघून रघूचं तोंडच उघडं राहिलं.

“आग्रेभाऊ, तुमी पन? तुमच्या स्वतःच्या खोलीतनं?”

“बायकांचा नंबर हाय,” लवू म्हणाला.

“अवो, पन चार वर्सं भर घातली आमी! ह्ये बरं नव्हे.”

“नव्हेच,” लवूने मान्य केलं. “मी तुमाला दुसरी खोली बांधून देतो, रघूभाऊ. तिठ्यावर. फक्त एष्टीसाठी.” मग इतक्या मोठ्याने आणि शेपटासकट आपण वाक्य पुरं केलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

तो करवंदीच्या एका जाळीकडे निघाला. कातळावरून खाली वाडी दिसत होती. परड्यातल्या मांडवाच्या हिरव्यातून पत्र्याचं दार चमकत होतं, आणि एवढ्या लांबूनही बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्यात काशीचं हसणं कोणतं, ते त्याला ओळखू आलं. तेहेतिसाव्या पानावर काय छापलेलं असेल, हा विचार त्याच्या मनात आला. काहीही असलं तरी हे नसणार, असं वाटून त्याला हसू आलं, आणि शेवाळावर पाय जपून टाकत तो पुढे गेला.